जानेवारीचा गल्ला

जिमच्या धंद्यात दिवाळी दोनदा येते. पंचांगातली दिवाळी तशी तोट्याचीच. आठवडाभर फराळ, पाहुणे, गावाकडं जाणं, आणि इकडं ट्रेडमिलच्या दांडीवर झाडलोटवाल्या मावशींचं फडकं वाळत घातलेलं. खरी दिवाळी १ जानेवारीला. आदल्या रात्री संकल्प केलेली मंडळी सकाळी सहालाच काउंटरशी उभी असतात. बूट कोरे, बाटली कोरी, चेहऱ्यावर परीक्षेच्या पहिल्या दिवसाचं तेज. साउंडबॉक्स दम खात नाही. "नऊ हजार रुपये प्राप्त झाले." पाच मिनिटांनी पुन्हा नऊ हजार.

हिशोब लिहून घ्यायला माझ्याकडं येणारा एक जिमवाला दर जानेवारीत पेढे घेऊन यायचा आणि एप्रिलमध्ये मान खाली घालून. एका एप्रिलात त्यानं दार लोटून घेतलं, खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाला, "सर, रिसेप्शनवरचं पोरगं हात मारतंय."

"कशावरून?"

"जानेवारीत चार लाखाच्या वर आले. आता गाळ्याचं भाडं द्यायला पैसे न्हाईत. मग गेले कुठं?"

आम्ही बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि दोन दिवस ओळ न् ओळ पाहिलं. पोरानं एक रुपया घेतला नव्हता. २७ जानेवारीला मालकानंच २ लाख ४० हजार एका मशीनवाल्याला पाठवले होते. केबल क्रॉसओव्हर. "शिल्लक होती म्हणून घेतलं," तो म्हणाला. त्या 'शिल्लक' शब्दातच लहान जिमच्या हिशोबाचं सगळं दुखणं आहे, म्हणून हा जानेवारी जरा उलगडून पाहू. आकडे मी थोडे गोल केले आहेत.

४० जणांनी वर्षाची फी भरली, प्रत्येकी ९,००० रुपये. झाले ३ लाख ६० हजार. महिन्याच्या महिन्याला भरणारे ६० जण, प्रत्येकी १,०००. ते ६० हजार. गल्ल्यात एकूण ४ लाख २० हजार आले. खर्चात गाळ्याचं भाडं ४५ हजार, वीज १८ हजार, दोन ट्रेनरांचा पगार ३२ हजार, झाडलोट ६ हजार, तुटलेल्या केबली, ग्रीस आणि दुरुस्ती ५ हजार, पाणी, इंटरनेट आणि किरकोळ ४ हजार. बेरीज १ लाख १० हजार. बँकेचा हप्ता ३८ हजार. सगळं वजा जाता हातात राहिले २ लाख ७२ हजार. मशीन घेतलं, ३२ हजार उरले. फेब्रुवारीत संकल्प विरघळले, महिन्यावाले ६० चे ४५ झाले, आणि खर्च मात्र तेवढाच उभा.

आता हाच महिना वहीच्या डोळ्यांनी पाहा. वर्षाची फी भरलेल्या माणसाला जानेवारीअखेर आपण एकाच महिन्याची सेवा दिली. त्याच्या ९ हजारांतले ७५० आपले झाले. उरलेले ८,२५० आपण त्याला देणं लागतो. ४० जणांचे मिळून कमावलेले ३० हजार, महिन्यावाल्यांचे ६० हजार, आणि गेल्या जून-ऑक्टोबरात वर्षाची फी भरलेल्या जुन्या लोकांचा या महिन्याचा वाटा समजा ३५ हजार. म्हणजे जानेवारीची कमाई सव्वा लाख. खर्चाच्या बाजूला ते १ लाख १० हजार आहेतच. हप्त्यातलं व्याज १२ हजार. १८ लाखांच्या यंत्रांवर वर्षाला १५ टक्के घसारा धरला तर महिन्याचा २२,५००. एकूण १ लाख ४४ हजार ५००.

म्हणजे ज्या महिन्याचे पेढे वाटले, त्या महिन्यात जिमला साडेएकोणीस हजारांचा तोटा झाला होता. शिवाय ३ लाख ३० हजारांचं नवं देणं डोक्यावर. हे देणं पैशांत फेडायचं नसतं, दिवसांत फेडायचं असतं. रोज सकाळी सहाला शटर वर करून, दिवे लावून, एसी चालू ठेवून. म्हणूनच ते देणं वाटत नाही. सावकार दारात येत नाही, तर ट्रॅक पँट घालून सदस्य येतो आणि वर "गुड मॉर्निंग सर" म्हणतो.

महाराष्ट्रातल्या जिमवाल्यांना हा सावकार एकदा खराखुरा दिसला. मार्च २०२० मध्ये जिम बंद झाल्या आणि उघडल्या त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. सात महिने कुलूप. भाडं चालू, हप्ता डोक्यावर. कुलूप निघाल्यावर सदस्य आले ते नवी फी घेऊन नव्हे, "आमचे सात महिने वाढवून द्या" म्हणत. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. ज्यांनी आगाऊ फीचे पैसे बाजूला ठेवले होते त्यांनी ते महिने दिले, बाकीच्यांची यंत्रं त्या हिवाळ्यात निम्म्या किमतीत विकायला निघाली.

ही चूक काही आपल्याकडच्याच लोकांची नाही, आणि अडाण्यांची तर मुळीच नाही. शिकागोची बॅली टोटल फिटनेस ही एके काळी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या जिम-साखळ्यांपैकी एक. सदस्य आत येताना जी प्रवेश फी भरत, ती सदस्य जितका काळ राहील तितक्या काळात हळूहळू उत्पन्नात घ्यायची. बॅलीनं ती आधीच घेतली. कागदावर नफा दिसत राहिला. पुढं सगळे हिशोब दुरुस्त करावे लागले, २००७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, आणि २००८ मध्येच अमेरिकी रोखे आयोगानं कंपनीवर हिशोबातल्या फसवणुकीचा ठपका ठेवला. तिचे लेखापरीक्षक अर्न्स्ट अँड यंग यांना २००९ मध्ये ८५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्या जिमवाल्याला निदान कुणाला फसवायचं नव्हतं. तो स्वतःच फसला होता.

इथं जिमवाला हमखास एक युक्तिवाद करतो. "सर, भरतात चाळीस, येतात पंधरा. मग देणं कसलं?" यात तथ्य आहे. स्टेफानो देलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन क्लबांच्या ७,७५२ सदस्यांची हजेरी तपासून २००६ मध्ये एक निबंध छापला. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी चार-पाच वेळाच फिरकत होते. दर खेपेला त्यांना १७ डॉलरच्या वर पडत होते, आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर १० डॉलरमध्ये भागलं असतं. न येणाऱ्यांच्या फीवर जिम चालते हे खरंच आहे. पण जो येत नाही त्याच्यासाठी भाडं, दिवे आणि ट्रेनरचा पगार कमी होत नाही. आणि जो येत नाही तो पुढच्या जानेवारीत फी भरायलाही येत नाही.

यावर उपाय सांगायला जावं तर तो इतका साधा आहे की ऐकणाऱ्याची निराशा होते. बहुतेक जिममध्ये काउंटरवर एक लांबट रजिस्टर असतं: तारीख, नाव, मोबाइल, रक्कम, सही. त्यात आणखी दोन रकाने आखायचे, 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत'. एवढ्या दोन तारखांवरून कुठल्याही महिन्याची कमाई आणि कुठल्याही दिवसाचं देणं काढता येतं. कुणी लग्नासाठी, बाळंतपणासाठी किंवा गुडघा दुखावला म्हणून सदस्यत्व थांबवलं, ज्याला सगळे 'फ्रीज' म्हणतात, तर 'कधीपर्यंत'ची तारीख खोडून पुढची घालायची आणि शेजारी सही घ्यायची. दुसरं, बँकेत एक वेगळं खातं. वर्षाची फी आली की ती आधी तिथं, आणि दर महिन्याच्या १ तारखेला तिचा बारावा हिस्सा चालू खात्यात. जिमचं सॉफ्टवेअर घेतलं असेल तर उत्तम. हजेरी, आठवणीचे मेसेज, थकबाकी सगळं ते छान सांगतं. पण त्याच्या पडद्यावरचा मोठा हिरवा आकडा बहुधा वसुलीचा असतो, कमाईचा नसतो.

आपल्या जुन्या तालमींना हा प्रश्नच पडला नाही. हौद्यातली लाल माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू. हे सगळं वर्गणीतून आणि एखाद्या दात्याच्या खिशातून यायचं. वस्ताद पोरांकडून वर्षाची फी आगाऊ घेत नसे, त्यामुळं पोरांचं देणंही लागत नसे. आजचा जिमवाला अनेकदा त्याच तालमीतून किंवा शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांतून आलेला असतो. शरीराच्या आहाराचा ग्रॅमग्रॅमचा हिशोब त्याला तोंडपाठ. किती प्रथिनं, किती कर्बोदकं, काय कधी. त्याला मी नेहमी सांगतो, भाऊ, जेवढं काटेकोर ताट मांडतोस तेवढीच रोजकीर्द मांड.

रोजकीर्दीत त्याच्या हातून होणाऱ्या चुका ठरलेल्या. गाळ्याचं डिपॉझिट तो खर्चात टाकतो. ते खर्च नाही, मालकाकडचं येणं आहे. हप्ता पूर्ण खर्चात टाकतो. त्यातलं व्याज तेवढं खर्च, बाकी कर्जाची फेड. यंत्राची किंमत एकतर एकाच वर्षात उडवतो किंवा अजिबात धरत नाही. आणि सर्वांत मोठी गडबड म्हणजे घर आणि जिम यांचा एकच खिसा. मुलीची शाळेची फी, किराणा, मेव्हण्याच्या लग्नाचा आहेर, सगळं त्याच क्यूआर कोडच्या खात्यातून. घरासाठी महिन्याची उचल ठरवून घ्या, २० हजार म्हणजे २० हजार, आणि ती 'उचल' म्हणूनच लिहा. काही जण कर चुकेल या आशेनं अर्धी फी बायकोच्या यूपीआयवर घेतात. कर चुकत नाही, हिशोब तेवढा चुकतो. जुलै २०२५ मध्ये बंगळूरच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा हे सगळ्या देशानं पाहिलं.

आयकराच्या बाबतीत लहान जिमवाला सहसा अनुमानित उत्पन्नाच्या सोयीत बसतो. जुन्या कायद्यातलं ते कलम ४४एडी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी लोक अजून त्याच नावानं ओळखतात. उलाढाल २ कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत, तपशीलवार वह्या ठेवायची सक्ती नाही. रोखीच्या जमेवर किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या जमेवर किमान ६ टक्के नफा दाखवायचा. प्रत्यक्षात जास्त झाला असेल तर जास्त. सोय उत्तम आहे, पण माझ्या मते जिमवाल्यांचं सर्वाधिक नुकसान याच सोयीनं केलंय. सरकार वही मागत नाही म्हटल्यावर वहीच बंद होते. मग १५ लाखांच्या जमेवर कसाबसा दीड लाख नफा दाखवलेलं विवरणपत्र घेऊन तो नव्या यंत्रांच्या कर्जासाठी बँकेत जातो. तिथला अधिकारी कागदावर दोनच आकडे लिहितो: उत्पन्न दीड लाख, चालू हप्ते वर्षाला ४ लाख ५६ हजार. फाइल परत. मुद्रा योजनेत तरुण गटाची मर्यादा १० लाख आहे, आणि ते कर्ज नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंत मिळू शकतं. पण योजना कुठलीही असो, हप्ता कुठून फेडणार हे कागदावर दाखवावंच लागतं.

आता जीएसटी. इथं जरा थांबावं लागेल, कारण अलीकडं यातलं गणित उलटंपालटं झालंय. आर्थिक वर्षातली एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते. उलाढालीत फक्त सदस्यांची फी येत नाही; काउंटरवर विकलेले प्रोटीनचे डबेही येतात (त्यासाठी अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी लागते हेही अनेकांना ठाऊक नसतं), आणि पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचे पैसे जिमच्या खात्यात येत असतील तर तेही. ६०-४० वाटणीतले ६० टक्के तुम्ही ट्रेनरला दिलेत, तरी मोजणीत पूर्ण १०० धरले जातात. १६ लाखांची जिम पीटीच्या ५ लाखांमुळं नकळत २० पार करते, ती अशी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सगळ्यांनी स्टेटस ठेवले, फुगे लावले. खालची ओळ कमी लोकांनी वाचली: या ५ टक्क्यांसोबत खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. पूर्वी १० लाखांच्या यंत्रांवर भरलेले १ लाख ८० हजार नोंदणी असलेल्या जिमला पुढच्या करातून वळते करता येत. आता ते यंत्राच्या किमतीतच मुरतात. दुसरी गोष्ट, वर्षाची फी जानेवारीत घेतली तर तिच्यावरचा जीएसटी पूर्णच्या पूर्ण त्याच वेळी देय होतो. कमाई बारा महिन्यांत होते, कर मात्र एकाच वेळी लागतो. बाजूच्या खात्यात फी टाकताना कराचा हिस्सा आधी काढून ठेवा.

आणि खरी मेख भाड्यात आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा की गाळ्याचा मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि भाडेकरू नोंदलेला असेल, तर भाड्यावरचे १८ टक्के भाडेकरूनं स्वतः भरायचे. याला उलट आकारणी म्हणतात. आपल्याकडं निमशहरी भागात गाळ्याचे मालक म्हणजे निवृत्त शिक्षक, शेतकरी, एखादी विधवा काकू. नोंदणी कुणाचीच नसते. आपल्या जिमवाल्याचं भाडं ४५ हजार, वर्षाचे ५ लाख ४० हजार, त्याचे १८ टक्के ९७,२००. क्रेडिट नाही, म्हणजे हे पैसे गेले ते गेलेच.

समजा त्याची उलाढाल वाढून ३० लाख झाली, आणि हा आकडा कर धरूनच आहे, कारण जिमचा सदस्य 'फी अधिक कर' ऐकून घेत नाही. ५ टक्क्यांच्या वाटेनं आतला कर सुमारे १ लाख ४३ हजार, वर भाड्याचे ९७ हजार. मिळून २ लाख ४० हजार. दुसरी वाट कंपोझिशनची, म्हणजे क्रेडिट न घेता उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची. सेवा देणाऱ्यांसाठी ती आदल्या वर्षीच्या ५० लाखांच्या उलाढालीपर्यंत खुली आहे, दर ६ टक्के. ५ असताना ६ कोण भरेल, असं कुणीही म्हणेल. मीही आधी तसंच म्हणालो होतो. पण १६ जानेवारी २०२५ पासून कंपोझिशनवाल्यांना भाड्याच्या या उलट आकारणीतून वगळलंय. ३० लाखांचे ६ टक्के १ लाख ८० हजार, आणि भाड्यावर काही नाही. वर्षाला ६० हजार वाचले. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर तो १८ टक्के तुमच्याकडून घेणारच, मग हा फायदा उरत नाही. कंपोझिशनच्या अटीही आहेत: सदस्याकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि आधीच नोंदणी असेल तर ही निवड आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत कळवावी लागते. तेव्हा सीएकडं मार्चच्या सुरुवातीला जा आणि भाडेकरार सोबत न्या. नुसतं "जीएसटी किती?" विचारलं तर तो ५ टक्के सांगेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

कामगारांचं थोडक्यात. ट्रेनरचा पगार रोख दिला तरी पावतीवर सही घ्या. १० हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुष कामगाराचा व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५०० कापून भरायचे. स्त्रियांना २५ हजारांपर्यंत माफ. मालकाचे स्वतःचे २,५०० वेगळे. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, प्रश्न १० माणसांवर येतो, भविष्य निर्वाह निधीचा २० वर. लहान जिम तिथवर पोचली तर तिला हे प्रकरण वाचायची गरज उरलेली नसते.

मदत कुणाची घ्यायची, हा शेवटचा प्रश्न. सीए वर्षातून दोन-चारदा भेटतो, वही रोज लागते. तालुक्याच्या गावीही आठवड्यातून एक दुपार येऊन हिशोब लिहिणारी मुलं-मुली मिळतात. बीकॉम झालेली, टॅली येणारी. त्यांना ठेवा. पण त्यांना फक्त बिलं देऊ नका. सदस्यांचं रजिस्टर द्या, त्या दोन तारखांसकट. महिनाअखेर त्यांच्याकडून तीन आकडे मागा: कमाई किती, बँकेत किती, आणि सदस्यांचं देणं किती.

आणि त्यांना शोधेपर्यंत थांबू नका. आज रात्री शटर ओढल्यावर रजिस्टर घेऊन बसा. प्रत्येक चालू सदस्याचे उरलेले महिने मोजा, त्याला त्याच्या फीच्या महिन्याच्या दरानं गुणा, खाली बेरीज मारा. शंभर-दीडशे नावांना एक संध्याकाळ पुरते. ती बेरीज बँकेतल्या शिलकीपेक्षा मोठी निघाली, तर मशीनवाल्याचा फोन उचलू नका.